कधीच न उतरणारा भाव

९ सप्टेंबर, मंगळवार
कालच्या सेमिनारपासून डोकं ठिकाणावर नाही. बडनेरा रोडवरच्या लॉनमध्ये होता. प्रवेश फुकट, वर गिलावडा आणि चहा. बोलणारा धर्मेंद्र. पूर्वी खताच्या कंपनीत होता, वरूडच्या बाजूला माझ्याच मोटरसायकलवर मागे बसून फिरायचा. आता कोट घालतो. म्हणाला, क्रिप्टोचं डिसेंट्रलाइज्ड एक्स्चेंज म्हणजे असा बाजार, ज्याला मालक नाही, ऑफिस नाही. घेणारा आणि विकणारा. मध्ये माणूसच नाही, फक्त प्रोग्राम. दलालाचा जमाना संपला.
सगळ्यात आधी टाळी मी वाजवली.
तीस वर्षं संत्र्याच्या बगीच्यांची दलाली करतो आहे. झाडावरचं फळ बघायचं, शेतकरी आणि व्यापाऱ्यात भाव जुळवायचा, सौद्याचा आगाऊ इसार व्यापाऱ्याला द्यायला लावायचा, शेकडा दोन रुपये आपले. त्यामुळे बाजार म्हणजे काय हे मला धर्मेंद्रने शिकवायची गरज नाही. बाकीची मंडळी गिलावड्यासाठी आली होती.
बायको, भावना, म्हणाली, पितृपक्षात नवीन काही सुरू करू नका. तिला सांगितलं, हा बाजार चोवीस तास चालतो, पंचांग बघत नाही.
वहीच्या शेवटच्या पानावर संकल्प लिहिले. पहिला: पाच हजारांच्या वर जायचं नाही. दुसरा: रोज एक तास अभ्यास.

१० सप्टेंबर
रुपयांची क्रिप्टो करून देणारं एक ॲप असतं, तिथून सुरुवात. पॅन, आधार, सेल्फी. मान डावीकडे करा, उजवीकडे करा, डोळे मिचकावा. भावनाचे मामा मला बघायला आले होते, त्यांनीसुद्धा एवढं पाहिलं नव्हतं.
मग वॉलेट. त्याने बारा इंग्रजी शब्द दिले. हे कागदावर लिहा, कोणाला दाखवू नका, हरवले की पैसे गेले. मी वहीच्या शेवटच्या पानाच्या मागे लिहिले. धर्मेंद्र फोनवर म्हणाला, रोजनिशीत कोणी लिहितं का, ते पान फाडून कपाटात ठेवा. फाडलं. संकल्पही त्याच पानावर होते. हरकत नाही, लक्षात आहेत.
अभ्यास: उद्यापासून.

११ सप्टेंबर, दुपार
पहिला विश्वासघात. पाच हजारांचं डॉलरवालं नाणं वॉलेटमध्ये आणलं, पण ते हलत नाही. हलवायला गॅस लागतो. गॅस म्हणजे फी, आणि ती दुसऱ्याच नाण्यात भरावी लागते. म्हणजे पैसे आहेत, पण पैसे हलवायला पैसे नाहीत. धर्मेंद्रला झापलं. तो म्हणाला, सेमिनारमध्ये दोनदा सांगितलं होतं. सांगितलं असेल. त्या वेळी गरम गिलावडे आले होते. लोक महत्त्वाचं तेव्हाच का सांगतात?

१२ सप्टेंबर
गॅसचं नाणं घेऊन एक्स्चेंजवर पोचलो. नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही. ‘कनेक्ट’ दाबलं की आत. फार मानाने वागवलं.
हजारो नाणी. कुत्र्याची, बेडकाची, कशाकशाची. मी शांतपणे बघत गेलो आणि एका नाण्यावर थांबलो. चित्रात संत्रं. देठ हिरवा, साल ढिली, वजन आतमध्ये. नाणं काढणाऱ्याला फळ कळतं. नाव लांबलचक इंग्रजी आहे, मी त्याला संत्रानाणं म्हणतो. चार हजारांचं घेतलं.
धर्मेंद्रचं म्हणणं, इथे कोणीही उठतो आणि नाणं काढतो, अनोळखीच्या वाटेला जाऊ नका. खत विकणाऱ्या माणसाला फळातलं काय कळणार?

१४ सप्टेंबर, रविवार
परतवाड्याला जाऊन आलो. शेंदूरजनाघाटच्या वच्छलाबाईंच्या संत्र्याच्या आंबिया बहाराचा सौदा खुशालराव व्यापाऱ्याशी पक्का केला. इसार ऐंशी हजार रोख माझ्या हातात. चिठ्ठीवर सही केली.
वच्छलाबाई अकोल्याला आहेत, रागिणीच्या, म्हणजे मुलीच्या बाळंतपणाला. नवरा गेल्यापासून बगीचा एकट्या सांभाळतात. फोन केला तर म्हणाल्या, खात्यात टाकू नका, खातं दिराच्या मोबाईलला जोडलेलं आहे, त्याला कळलं की ड्रिपच्या नळ्या काही या वर्षी बदलत नाहीत. मी येईपर्यंत तुमच्यापाशीच असू द्या. पंधरा-वीस दिवस.
पैसे कपाटात ठेवले. बारा शब्दांशेजारी.
संत्रानाणं: चारचे साडेपाच झाले.

१६ सप्टेंबर, सकाळी ६
साडेनऊ हजार. चार दिवसांत. झोप लागली नाही, आनंदाने.
कपाट उघडलं तर ते ऐंशी हजार पडलेले. कपाट म्हणजे काही सुरक्षित जागा नाही. चोर येतो, उंदीर येतो, साळा येतो. विश्वासाने ठेवायला दिलेला पैसा जास्त चांगल्या जागी ठेवणं हे माझं कर्तव्य आहे. फक्त चार दिवस. वाढेल त्यातून वच्छलाबाईंना बाळंतविड्याचे म्हणून पाच हजार वर देईन. कुठून आले ते सांगणार नाही. मी बोलून दाखवणाऱ्यातला नाही.

१६ सप्टेंबर, रात्री ८
ठेवले.
बँक, ॲप, नाणं, वॉलेट, एक्स्चेंज. सगळं मी एकट्याने केलं. प्रोग्रामने विचारलं, भाव किती सरकला तर चालेल. मी म्हटलं, बारा टक्के. आपण मोठ्या मनाने धंदा केला.

१८ सप्टेंबर
एक लाख चाळीस हजार.
नाण्याचा टेलिग्रामवर ग्रुप आहे, त्याला ‘फॅमिली’ म्हणतात. ॲडमिन रोज संत्र्याचं चित्र टाकून गुड मॉर्निंग करतो. मी मराठीत मनोगत लिहिलं. बारा जणांनी हृदय पाठवलं. घरी इतकं कोणी विचारत नाही.
ग्राफमध्ये एक गोष्ट पाहिली, ती तीस वर्षांत पाहिली नाही. भाव उतरतच नाही. हिरवी रेघ, नुसती वर. घेणारे शेकडो, विकणारा एकही नाही. असे निष्ठावान लोक आपल्या वरूडच्या बाजारात असते तर संत्रं कुठच्या कुठे गेलं असतं.

१९ सप्टेंबर
मोर्शीचे देवमन भेटले. त्यांचा बगीचा दोन व्यापारी मागून गेले, भाव तोंडी वाढवत चालले आहेत, इसार कोणी देत नाही. हुरळून गेलेत बिचारे. मी समजावलं, की नुसता भाव वाढला म्हणजे बाजार नव्हे, माल विकून पैसा हातात येतो तेव्हा तो भाव. त्यांना पटलं. लोकांना साधं साधं समजत नाही.
संत्रानाणं: दोन लाख दहा हजार. नवीन मोटरसायकल बघून ठेवली.

२१ सप्टेंबर, रविवार
धर्मेंद्र घरी आला होता. ग्राफ दाखवला. त्याचा चेहरा उतरला. जळतो. म्हणाला, शंभर रुपयांचं विकून दाखवा. मी म्हटलं, चढत्या मालाला हात कशाला लावायचा? तो पुन्हा तेच. भावना चहा घेऊन आली, तीही म्हणाली, शंभराचं त हाय, विकून पाहा. दोघं एकाच सुरात. घरात काय चाललं आहे मला कळतं.
विकलं नाही. तत्त्वाचा प्रश्न होता.

२२ सप्टेंबर, घटस्थापना
मुहूर्त चांगला, वच्छलाबाईंचा फोनही आला. मुलगा झाला. पुढच्या सोमवारी निघणार. म्हटलं, ऐंशी हजार काढून ठेवावे, उरलेले वाढू द्यावे.
विकायला गेलो. ‘ट्रान्झॅक्शन फेल.’ गॅस कापला.
पुन्हा. फेल. गॅस कापला.
सणाची गर्दी असेल.

२३ सप्टेंबर
अकरा वेळा. एक लाखाचं, दहा हजाराचं, शेवटी शंभराचं. फेल. भाव किती सरकला तर चालेल याला पन्नास टक्के टाकलं. फेल. मोबाईल गच्चीवर नेला. फेल. गॅसचं नाणं संपलं, आणखी घेतलं, तेही संपलं.
मोबाईलवर आकडा मात्र दिसतो आहे. दोन लाख साठ हजार. आजही वाढला.

२४ सप्टेंबर
धर्मेंद्रने बघून सांगितलं. नाणं काढणाऱ्याने प्रोग्राममध्येच लिहून ठेवलं आहे, घ्यायचं कोणीही, विकायचं फक्त त्याने. म्हणून भाव उतरत नव्हता. निष्ठा वगैरे काही नव्हती, सगळे माझ्यासारखे आत अडकलेले.
मी फॅमिलीत नम्रपणे विचारलं, दादा, विकायचं कसं. ॲडमिनने मला काढून टाकलं. गुड मॉर्निंगचं उत्तर रोज देत होतो मी.
संध्याकाळी ५: भाव शून्य. नाणं काढणाऱ्याने सगळे डॉलर उपसून नेले.
धर्मेंद्रला म्हटलं, यांच्या ऑफिसचा पत्ता दे. नाही. मॅनेजर? नाही. बरं, मध्ये कोणीतरी माणूस असेल, ज्याची कॉलर धरता येईल. तो चहा न पिता गेला.

२५ सप्टेंबर
ज्यांनी दगा दिला ते:
धर्मेंद्र. आधी सांगितलं, पण नीट सांगितलं नाही.
भावना. शंभर रुपये विकून पाहा म्हणाली, पण जोर देऊन म्हणाली नाही.
फॅमिली, अख्खी.
खुशालराव. इसार चेकने दिला असता तर ही वेळच आली नसती.
वच्छलाबाई. दुसऱ्याच्या घरी इतकी रक्कम ठेवतं का कोणी? माणसाने किती विश्वास टाकावा याला काही मर्यादा आहे.
पोलिसांत जाणार होतो. गाडगेनगर ठाण्यापर्यंत गेलो. पैसे कोणाचे, असं ते आधी विचारतील. परत आलो.

२७ सप्टेंबर
वच्छलाबाईंचा फोन. सोमवारी सकाळी अमरावतीला पोचते, पैसे घेऊन तशीच ड्रिपवाल्याकडे जाते.
तोंडातून निघून गेलं की खुशालरावने इसार अजून दिला नाही. आज-उद्या करतो आहे.
हे खोटं नाही. इसार दिला म्हणजे शेतकऱ्याच्या हातात पडला. तो पडलेला नाही. दिवाळीपर्यंत दोन-चार सौदे होतील, दलालीतून भरून टाकीन, कोणाला कळणारही नाही. खुशालरावला एवढ्याने काय फरक पडतो? मोठा माणूस आहे.
वच्छलाबाई म्हणाल्या, तुम्ही मनाला लावून घेऊ नका.

२९ सप्टेंबर, सोमवार, सकाळी ९. परतवाड्याच्या बसमध्ये
ठरवलं होतं की त्यांना समजावून शेंदूरजनाघाटच्या बसमध्ये बसवून द्यायचं. अकोल्याच्या गाडीतून उतरल्या त्याच मुळी पदर खोचून. म्हणाल्या, “घरी नाही जात मी. खुशालरावच्या दारात जाऊन बसू. तुमी संग हा, त मले कायचं भेव?”
तिकिटं त्यांनी काढली. स्वतःचं अर्धं, माझं पूर्ण. रागिणीकडचे डिंकाचे लाडू दिले, दोन खाल्ले. वहीत लिहितो आहे ते त्यांना सौद्याचंच काही वाटतं आहे. मध्येच म्हणाल्या, तुमच्या जिवाला किती घोर लावला त्याने.
सोमवारी खुशालराव दुकानात नसतो. बगीच्यांवर असतो. नक्की.

त्याच दिवशी, रात्री
होता.
वच्छलाबाई दारातच उभ्या राहिल्या आणि बोलायला लागल्या. बाईमाणूस पाहून बुडवतोस का, इथपर्यंत. चार लोक जमले. खुशालरावने सगळं ऐकून घेतलं, माझ्याकडे एकदा पाहिलं, आणि गल्ल्यातून चिठ्ठी काढून त्यांच्या हातात दिली. इसार ऐंशी हजार रोख मिळाला, तारीख चौदा, खाली माझी सही.
त्यांनी ती उभ्यानेच दोनदा वाचली. मग खुशालरावला हात जोडले. चूक झाली म्हणाल्या. सौदा आहे तसा राहू द्या म्हणाल्या. मी तिथेच होतो.
परतीच्या बसमध्ये त्यांच्या शेजारी बसलो. आसेगाव गेल्यावर बोललो. सगळंच सांगितलं. चित्रातलं संत्रं, वर चढणारी रेघ, विकता न येणं, ग्रुपमधून काढून टाकणं. पै न् पै परत करीन म्हटलं. माझ्यासारख्या सरळ माणसाला असं फसवावं, याचं फार वाईट वाटतं म्हटलं.
त्यांनी विचारलं, कोणी नेले पैसे? मी म्हटलं, तेच तर. नाव नाही, चेहरा नाही, कोण होता ते कधीच कळणार नाही.
त्या खिडकीबाहेर बघतच म्हणाल्या, “तुमाले फसवनारा तुमाले दिसला नाही, देवरावभाऊ. माह्यावाला माह्या बाजूले बसला हाये.”
आणि उठून पुढे एका बाईजवळ जाऊन बसल्या.
अमरावतीला उतरल्यावर मी त्यांची पिशवी घ्यायला हात पुढे केला. त्यांनी ती दुसऱ्या हातात घेतली. त्यांच्या गावाकडे जाणारी वरूडची बस लागलेली होती.