लिफ्टमधलं गाणं

ता. ३ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

तुमच्या हाताखाली शिकलो, त्याचं चीज होतंय. एका मालकाच्या सहा इमारतींतल्या लिफ्ट सांभाळायचं काम मिळतंय. पहिल्या लिफ्टच्या सुरक्षिततेच्या दाखल्यावर सोमवारी सही केली की बाकीच्या पक्क्या. मालक देवमाणूस! लिफ्टमध्ये गालिचा, आरसा, मंद गाणंसुद्धा. चहा पाजल्याशिवाय सोडत नाहीत. त्यांच्या आई त्याच इमारतीत पाचव्या मजल्यावर राहतात, पंचाहत्तरीतही जिन्यानेच चढतात. लिफ्टचा तारांचा दोर नवा आहे, असं मालक म्हणाले. ग्रीसने चकाकत होता.

लोभ आहे तसा राहू द्या, कानपिचक्या मात्र कमी द्या.

तुमचा,
भिंगरी


ता. ७ मार्च

चि. भिंगरीस,
अ. उ. आ.

गालिचा, आरसा, चहा सगळं लिहिलंस, आणि दोरावर एक ओळ, तीही मालकाच्या तोंडची! तेव्हाच माझे कान टवकारले.

तेल घालणारा गडी होतो तेव्हा उस्ताद सांगायचे, लिफ्ट आधी बोलते, मग तुटते. मग तिच्या बोलण्यावर गाणं कुणी लावलं? नव्या दोराला एवढं ग्रीस कोण थापतं? आणि लेकाची लिफ्ट दारात असताना म्हातारी पाच मजले का चढते?

गाणं बंद करून ऐक. दोर पुसून त्यावरून चिंधी फिरव. तार तुटलेली असेल तर अडकेल. जिना कुणी सुचवला, ते आईंना विचार. आणि खरं सांग, पेन अजून खिशातच आहे ना?

तुझी काकू म्हणते, मी तिच्या स्वयंपाकावरही संशय घेतो. घेतोच.

उलट टपाली कळव, जीव टांगणीला आहे.

तुझा,
काका


ता. १२ मार्च

ती. काकांस,
सा. न. वि. वि.

पेन खिशात नव्हतं. सोमवारची वाट न पाहता, तुम्हाला लिहिलं त्याच दिवशी चहाबरोबर सही करून बसलो होतो.

काल गाणं बंद केलं. तिसऱ्या मजल्यानंतर कट्-कट् ऐकू आलं. चिंधी तीन ठिकाणी अडकून फाटली. मालक उखडले. काम दुसऱ्याला देतो म्हणाले. सख्ख्या आईच्या जिवाशी खेळेन का, असंही वर विचारलं. तेवढ्यात आईच धापा टाकत जिना चढून आल्या. मी विचारलं. दोन महिन्यांपूर्वी लेकानेच लिफ्ट सोडायला लावली म्हणाल्या, गुडघ्यांना जिना चांगला म्हणून.

मग त्यांनी चिंधीकडे पाहिलं, लेकाकडे पाहिलं, आणि शेजारची शाळकरी पोरं रोज याच लिफ्टने जातात, त्यांचे गुडघे बरे आहेत का, एवढंच त्याला विचारलं.

आरशाशेजारी चिकटवलेला माझा दाखला मी ओरबाडून काढला आणि लिफ्ट बंद केली. सहाही इमारती गेल्या. चिंधी सोबत पाठवतोय.

लोभ असू द्या. कानपिचक्या कमी करू नका.

तुमचा,
भिंगरी