पडद्यावर उमटलेलं स्थळ

अंबरनाथ (पूर्व),
बुधवार

तीर्थस्वरूप बकुळावन्सं यांना कुंदाचा नमस्कार. (वाकून करायचा तो मनातल्या मनात केला आहे, उजवा गुडघा अजून माझं ऐकत नाही.) तुमचं मोतीबिंदूचं ऑपरेशन नीट पार पडल्याचं तुमच्या बंधूंकडून कळलं. फार बरं वाटलं. आता माझं अक्षर तुम्हाला स्वच्छ दिसेल आणि मागच्यासारखं "वाचताच आलं नाही" म्हणता येणार नाही. एका स्टेशनाच्या अंतरावर, बदलापूरला, पत्र कशाला, असं तुम्हाला वाटेल. पण गेला सव्वा महिना तुम्ही माझा फोन उचलत नाही, कुटुंबाच्या ग्रुपमधूनही निघून गेलात, तेव्हा आपल्या दोघींत आता पोस्टमनच काय तो उरला. तुमच्या रागाचं कारण मला ठाऊक आहे. त्याकडे येतेच. आधी मॉनिटर.

अभिजीतने उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या दिपेशच्या दुकानातून गेम खेळायचा ओएलईडी मॉनिटर आणला. तेहतीस वर्षांचा घोडा, दिवसभर कंपनीची कामं करून संध्याकाळी पडद्यावर मोटारी पळवतो, यावर मी काय बोलले असेन ते तुम्ही ओळखलंच असेल. पण खोटं कशाला सांगू, वस्तू अप्रतिम आहे. वन्सं, खरा काळा रंग मी सहासष्टाव्या वर्षी पहिल्यांदा पाहिला. आपल्या टीव्हीतला काळा म्हणजे चार पावसाळे पाहिलेल्या छत्रीचा काळा. इथे जिथे काळं हवं तिथला ठिपका चक्क विझतो. समुद्राच्या तळाचा एक माहितीपट लावला, तर तुमचे बंधू हातातला पेपर खाली ठेवून उभे राहिले (माझ्या निवृत्तीच्या समारंभातही ते असे उभे राहिले नव्हते). पण त्या मॉनिटरची बडदास्त ऐका. एकच चित्र फार वेळ ठेवायचं नाही, त्याचा डाग बसतो. खालची पट्टी लपवायची. ओलं फडकं लावायचं नाही. ऊन पडू द्यायचं नाही. दोन मिनिटं कोणी हात लावला नाही की तो आपला आपण बंद होणार, आणि चार तास झाले की "आता माझी सफाई करू का" म्हणून विचारणार. एवढं मी सासूबाईंचंही केलं नाही. (त्या तुमच्या आई, तेव्हा हे मी तुम्हाला सांगायला नको.)

तर अभिजीत ऑफिसच्या कामासाठी नऊ दिवस पुण्याला गेला आणि त्याच दिवशी तुम्ही तुमच्या बिल्डिंगमधल्या संजीवनीचा बायोडेटा पाठवलात. फोनवर अक्षरं मुंग्यांएवढी. मी तो मॉनिटरवर उघडला, उजेड पूर्ण वाढवला आणि "पडदा किती वेळाने बंद करायचा" या प्रश्नाला "कधीच नाही" असं उत्तर देऊन ठेवलं. दहा वर्षं कॉन्व्हेंटच्या नन्सनी मला इंग्रजी शिकवलं आहे, यंत्राच्या सूचना मला कळतात. पाळायच्या की नाही ते मी ठरवते. आणि स्थळ आलं म्हणजे ते एकट्या आईने बघून चालतं का? चार बायकांचं मत घ्यावंच लागतं. दुसऱ्या मजल्यावरच्या यशोधराबाईंपासून तळमजल्यापर्यंत सगळ्या येऊन, चहा पिऊन, पडद्यासमोर उभ्या राहून वाचून गेल्या. कोणाला कपाळ आवडलं, कोणाला उंची खटकली. रात्रीही मी तो बंद केला नाही, कारण ती फाइल पुन्हा सापडेल याची खात्री नव्हती. मॉनिटर दर चार तासांनी सफाईचं विचारत होता. सकाळीच कोरडं फडकं फिरवलं होतं, मी दरवेळी नाही म्हटलं. आमच्या घरात कधी काय पुसायचं ते काचेने मला शिकवू नये.

सगळ्यांचं वाचन अडायचं ते शेवटच्या ओळीवर. अपेक्षा: मुलाला स्वतःचा चहा स्वतः करता यावा. वन्सं, घर, पगार, पत्रिका, कशाबद्दल एक शब्द नाही, आणि चहा. मला तो माझ्यावरचा शेरा वाटला. नवव्या दिवशी मी तुम्हाला "योग दिसत नाही" एवढं कळवून टाकलं. (अभिजीतला विचारायला हवं होतं, हे तुमचे बंधू आता म्हणतात. तेव्हा ते पेपर वाचत होते.)

अभिजीत आला, जेवला आणि मोटार पळवायला बसला. रात्रीच्या रस्त्यावर सगळं ठीक होतं, काळ्यावर डाग दिसतच नाही. पण मोटार डोंगरात गेली, बर्फ आला, आणि बर्फावर संजीवनी आली. फोटोतली नुसती केसांची रेघ राहिली होती, पण अक्षरं पुसट असली तरी सगळी वाचता येत होती. एम. एस्सी., जन्मवेळ, उंची, आणि तळाशी ठळक टाइपातला तो चहा. मोटार दरीत गेली.

"आई, ही संजीवनी कोण?"

मी सांगितलं. मग तिला काय कळवलं, असं त्याने विचारलं, तेही सांगितलं. तो उठला, स्वयंपाकघरात गेला आणि चहा करून घेऊन आला. एकच कप. मी समोर बसले होते.

त्याने ती सफाई चार वेळा चालवली, अक्षरं फिकी झाली पण गेली नाहीत. शेवटी मॉनिटर माझ्या शालीत गुंडाळून, मांडीवर घेऊन, रिक्षाने आम्ही कॅम्प दोनला गेलो. दिपेशने तपासणीसाठी पडद्यावर नुसता करडा रंग लावला. गिऱ्हाइकांनी भरलेल्या दुकानात तुमच्या शेजारणीचा बायोडेटा पाच जणांनी मोठ्याने वाचला. दिपेश म्हणाला, डाग वॉरंटीत बसतो, कंपनी पॅनल बदलून देईल. मग त्याने शेवटची ओळ पुन्हा एकदा वाचली.

"आंटी, पॅनल तो बदल जायेगा. लेकिन ऐसी लडकी को मना किसने किया?"

सगळं दुकान माझ्याकडे बघायला लागलं. मी त्याला खणखणीत इंग्रजीत सांगितलं की तुझं काम काचेपुरतं. तो सॉरी मॅडम म्हणाला. आणि मग माझा मुलगा, जो सात वर्षांत कुठल्या मुलीच्या फोटोकडे दोन मिनिटं बघत नव्हता, तो म्हणाला,

"पॅनल राहू दे, दिपेशभाई. माझं अजून वाचून व्हायचंय."

येताना रिक्षात मॉनिटर मी आणखी घट्ट धरला. गेला महिनाभर तो रोज संध्याकाळी बर्फाच्या रस्त्यालाच मोटार नेतो. एकही शर्यत जिंकलेला नाही.

असो. मॉनिटरची हकीकत कळवावी, एवढाच पत्राचा हेतू. डोळ्यांत थेंब वेळेवर घाला.

तुमची,
कुंदा

ता. क. तुमचा चकल्यांचा डबा माझ्याकडेच आहे. घासून ठेवला आहे.

दुसरा ता. क. संजीवनीचं अजून कुठे ठरलं नसेल, तर तिच्या आईला सांगा की तो नकार चुकून गेला. चूक माझी होती म्हणालात तरी चालेल. (बंधूंची म्हणालात तर जास्त बरं.) वन्सं, मी आयुष्यात कोणापुढे हात जोडले नाहीत, हे तुम्हालाच सगळ्यांत जास्त माहीत आहे. आता जोडते आहे.

तिसरा ता. क. पाकीट चिकटवलं होतं, ते पुन्हा फोडलं. बायोडेटावरचा फोन नंबरही पडद्यावर वाचता येतो, आणि अभिजीतने तो वाचला आहे. रविवारी साडेचारला बदलापूर स्टेशनसमोरच्या हॉटेलात दोघं भेटताहेत. मला सांगितलेलं नाही, मला दाराआडून कळलं. तेव्हा वरचा निरोप देऊ नका, नकार त्याचा नव्हता, माझा होता, हे तिला अभिजीतकडूनच कळू दे, तो माझी बाजू तुमच्यापेक्षा बरी मांडेल. फक्त रविवारी साडेचारला मी डबा घेऊन तुमच्याकडे येते. तुमच्या गॅलरीतून ते हॉटेल दिसतं ना?