मागील दोन खोल्यांची व्यवस्था

मी, यशवंत केशव दाबके, वय वर्षे छप्पन्न, धंदा संस्कृत शिक्षक, राहणार मौजे कशेळे, तालुका कर्जत, जिल्हा रायगड, स्वहस्ते लिहून ठेवतो की, येत्या सोमवारी पनवेलला माझ्या हृदयाची शस्त्रक्रिया आहे. डॉक्टर म्हणाले, धोका फारसा नाही. पण तसे म्हणताना ते माझ्याकडे न पाहता फायलीकडे पाहत होते. माझे डोके ठिकाणावर असल्याचा दाखला आमच्या गावच्या डॉ. नम्रता घरत यांनी दिला आहे. हा लेख कोणाच्या जबरदस्तीने केलेला नाही. जबरदस्ती करायला घरात दुसरे कोणी नाही. पत्नी माधवी नऊ वर्षांपूर्वी गेली. मूलबाळ नाही.

१. बँकेतील ठेव शाळेला द्यावी. तीतून वाचनालयाचे गळके छप्पर दुरुस्त करावे आणि माझी पुस्तके त्याखाली ठेवावीत. ती कोणी वाचणार नाही, परंतु उंदरांची एक पिढी तरी व्याकरणशुद्ध निपजेल.

२. माझा भाचा चि. जितेश, राहणार खालापूर, यास माझी मोटारसायकल द्यावी. घर देऊ नये. गेली चार वर्षे तो मामाच्या तब्येतीची चौकशी करायला मोजपट्टी घेऊन येतो. मागच्या दिवाळीत विहिरीकडे बोट दाखवून म्हणाला, "मामा, इथे स्विमिंग पूल मस्त बसेल. शनिवार-रविवार मुंबईचं पब्लिक तुटून पडेल."

मी विचारले, "आणि मी कुठे बसू?"

"तुम्ही रिसेप्शनला. धोतर नेसून."

मुलगा प्रेमळ आहे. त्याच्यावर माझा राग नाही, हे येथे मुद्दाम नमूद करतो.

३. घर चार खोल्यांचे. पुढील दोन माझ्या वापरात. मागील दोन खोल्यांना स्वतंत्र दार आहे, मोरी आहे, आणि राहायला कोणी नाही. का नाही, ते लिहिल्याखेरीज पुढची कलमे कोणास कळणार नाहीत.

आमच्या शाळेचा शिपाई नामा डोंगरातल्या वरच्या वाडीत राहत असे. आई भागूबाई, बायको सोनुबाई, मुलगी पारू आणि धाकटा रुद्र. येण्याजाण्याचे हाल बघून या दोन खोल्या मी त्याला देऊ केल्या होत्या. तीन वर्षांपूर्वी ज्येष्ठ संपता संपता तो विचारायला आला.

"गुर्जी, कदी येऊ राहायला? चांगला दिस काडून द्या."

मी पंचांग उघडले. आषाढ तोंडावर, पुढे चातुर्मास. म्हणालो, "आता तुळशीच्या लग्नानंतरच ये."

"पन वाडीच्या वर डोंगराला भेग पडल्यावानी दिसतंय."

"भेगा माझ्या टाचांनाही आहेत, नामा. म्हणून मी काही कोसळत नाही."

तो हसला. विनोद बरा होता.

संकटात मुहूर्त पाहायचा नसतो, हेही त्याच शास्त्रात आहे, आणि मी ते वर्गात शिकवलेले आहे. त्या दिवशी ते आठवले नाही. खरे म्हणजे आठवण्यापुरता मी थांबलोच नाही.

आषाढाच्या वद्य पक्षात, पावसामुळे शाळेला सुट्टी दिली होती त्या दिवशी, सकाळी दहाच्या सुमारास डोंगर वाडीवर आला. भागूबाई आणि पारू रेशन आणायला कशेळ्याला उतरल्या होत्या, म्हणून वाचल्या. नामा, सोनुबाई आणि तीन वर्षांचा रुद्र घरात होते.

४. देवघरातील देव. तेराव्या दिवशी मी, दरडीनंतर वाडीकरांना राहायला दिलेल्या पत्र्याच्या शेडमध्ये गेलो आणि भागूबाईंना प्रारब्ध समजावून सांगू लागलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"गुर्जी, रुद्र तीन वर्सांचा व्हता. त्यानं पाप कवा केलं?"

"मागच्या जन्मी, असं शास्त्र..."

"मंग तवाच का नाय मारलं? माज्या मांडीवर कशाला धाडलं?"

देव इतका निर्दय कसा, हा आक्षेप आमच्या शास्त्रकारांनी स्वतःच घेऊन स्वतःच खोडलेला आहे. ते खंडन मी तीस वर्षे शिकवले. परीक्षेत दहा गुणांना हमखास येते. शेडमध्ये मी नजर दुसरीकडे वळवली. कोपऱ्यात पोत्यावर वाडीचा वाघोबा ठेवला होता, ढिगाऱ्यातून काढलेला दगडाचा देव. त्याला ताजे कुंकू होते. मी विचारले, "अजूनही?"

"त्याचं बी घर गेलं," भागूबाई म्हणाल्या. "त्याला कुठं हाकलू?"

तेव्हापासून मी रोज पूजा करतो, पण मागत काही नाही. देव न्यायी की अन्यायी, समर्थ की असमर्थ, हा प्रश्न तीन वर्षे उगाळला. आता कळते, की तो प्रश्न माझ्यापेक्षा अंगाने मोठा होता आणि त्याच्याआड मला लपता येत होते. डोंगर कोणी पाडला ते मला माहीत नाही. "आता येऊ नको" कोणी सांगितले, ते माहीत आहे.

देव आहेत तेथेच ठेवावेत. घरात जो राहील त्याने त्यांचे पाहावे. जितेशला ते रिसेप्शनच्या टेबलावर हवे आहेत, देऊ नयेत.

५. संपूर्ण घर भागूबाईंना द्यावे. दरडीनंतर मी त्यांना तीनदा राहायला बोलावले. तिन्ही वेळा "नको" एवढेच उत्तर आले. नामाने भेगेबद्दल सांगूनही मी त्याला थांबवले होते, हे मी त्यांना कधीच सांगितले नव्हते. ते त्यांना या कागदातून कळावे, आणि कळेल तेव्हा उत्तर द्यायला मी नसावे, अशी योजना होती.

योजना काल येथेच मोडली. साक्षीसाठी शेजारचे सुलेमानभाई बुबेरे यांना बोलावले. दरडीच्या दिवशी सर्वांत आधी टेंपो घेऊन पोचलेले ते हेच. त्यांनी इथवरचे सगळे वाचले आणि चष्मा काढून ठेवला.

"गुरुजी, मी सही नाही करणार."

"का हो?"

"तुम्ही गेल्यावर हे त्या बाईला वाचून कोण दाखवणार? मीच ना? माझ्याच्याने नाही व्हायचं. तुमची जीभ अजून चालते, तुम्ही सांगा."

मी म्हणालो, "सुलेमानभाई, असा डोंगर कोसळला तर तुम्ही अल्लाला काय विचारता?"

"विचारायचं ते विचारतो आणि नमाजही पढतो. तुम्ही विषय बदलू नका."

६. आज सकाळी शेडवर गेलो आणि उभ्याउभ्याच सांगून टाकले. भागूबाई तांदूळ निवडत होत्या.

"ठावं हाय," त्या म्हणाल्या. "त्यानं त्याच दिशी घरी यून सांगितलं. तुमचं ते टाचंचं. आमी समदी हसलो. मी बी हसले."

त्यांनी तांदळातला एक खडा काढून बाजूला टाकला.

"तुमच्याकडं राहायला आले त रोज तुमचं तोंड बगायचं, न् मला माजं हसनं आठवायचं. म्हून नाय आले."

मी म्हणालो, सोमवारनंतर मी कदाचित नसेन, म्हणजे तेवढा त्रास कमी होईल.

"म्हंजे तुमी घर दिऊन सुटनार, न् मी येकटीनं आठवत बसू?"

पारू आता चौदा वर्षांची आहे. ती चुलीपाशी होती. "आजे, गुर्जीला चा दिऊ?"

"दे गं." मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, "पनवेलशून नीट माघारी या. तुमी घरात असाल त येईन. रिकाम्या घरात नाय यायची."

चहा फार गोड होता. डॉक्टरांनी साखर बंद केली आहे. सगळा प्यालो.

७. सबब, मी सोमवारी न उठल्यास घर भागूबाईंचे. त्यांनी नाकारल्यास पारू अठरा वर्षांची झाल्यावर तिचे. तोवर किल्ली सुलेमानभाईंकडे राहावी आणि खोल्या आठवड्यातून एकदा झाडाव्यात.

मात्र हे मृत्युपत्र इतक्यात अमलात येऊ नये, अशी माझी इच्छा आहे. ती आज दुपारी देवासमोर बसून स्पष्ट शब्दांत सांगितली. असल्या गोष्टी त्याच्या हातात आहेत की नाहीत, याबद्दल माझे मत अद्याप बनलेले नाही. मागून ठेवले आहे.

ठिकाण: कशेळे
दिनांक: १९ जुलै २०२५, शनिवार

लिहून देणार: यशवंत केशव दाबके

साक्षीदार, दोघांनीही माझ्यासमक्ष सही केली:
१. सुलेमान दाऊद बुबेरे (कलम सहा वाचल्यानंतर)
२. डॉ. नम्रता घरत