पांढऱ्या बैलाचं गाणं

न पाहिलेल्या धन्यास,

किर नदीवरून गोऱ्या साहेबाने सरहद्दीची रेषा आखली. साहेब कधीचा मेला, पण तिच्यापायी मरायला आपली माणसं अजून आहेतच. तुम्हीही बंदूक घेऊन गेलात, परतला नाहीत. बिनलग्नाच्या मेलेल्याचं नाव बुडू नये म्हणून सासूबाईंनी माझ्या माहेरी गाई दिल्या आणि तुमच्या नावाशी माझं लग्न लावलं. रीतीप्रमाणे घर चालवलं तुमच्या धाकट्या भावाने, पियेंगने. पोरं झाली ती मात्र तुमची. तो मला अजून वहिनीच म्हणतो.

काल शांतिसैनिकांच्या पहाऱ्यातल्या बाजारात आपली लेक अधेल तुमच्या पांढऱ्या बैलाचं गाणं म्हणत होती. रेषेपलीकडचा कांदेवाला हसला. "अगं, हे तर आमच्या गावचा लंगडा कैदी गुरं राखताना रोज म्हणतो!"

ते गाणं तुम्ही रचलेलं. आपल्या घराबाहेर कुणालाच येत नाही.

पहाऱ्यावरच्या शिपायाला मी विचारलं, "त्यांना आणता का हो?"

"बाई, आम्ही रेषा राखतो. ओलांडत नाही."

पियेंग छपरावर गवत बांधत होता. मी त्याला सगळं सांगितलं. मग म्हणाला, "दादा येऊ दे, वहिनी. पोरं त्याचीच आहेत. तेवढं छप्पर शाकारून देतो, मग निघतो."

कांदेवाला उद्या परत जातोय. चिठ्ठी नेतो म्हणाला. ही लिहिली, आणि त्याच छपरात खोचून ठेवते आहे.

अधेलला बजावलंय, बाजारात ते गाणं पुन्हा म्हणायचं नाही.

तुमच्या नावाची,
अवुत