सखूबाईंची धूसर फिल्म

मंगळवार, संध्याकाळ

मंडईत भाजी विकणाऱ्या सखूबाई आज पुन्हा एक्स-रेला आल्या. चैत्रात स्वतःच्या पायांनी आल्या होत्या. आज त्यांच्या मुलीने आणि मी त्यांना उचलून टेबलावर निजवलं. पायांत जीवच नाही.

चैत्रातली ती फिल्म धूसर आली होती. पाठीच्या कळेने त्यांना श्वास रोखता आला नव्हता. मी दुसरी काढायला हवी होती. पण बाहेर रांग होती आणि मला घरी जायची घाई. तीच धूसर फिल्म मी पुढे पाठवली. डॉक्टरांनी दुखण्याच्या गोळ्या दिल्या.

आता यंत्राला फिल्म धूसर करणारे विखुरलेले किरण अडवणारी नवी जाळी आली आहे. आज श्वास कसा रोखायचा तेही चारदा करून घेतलं. फिल्म लख्ख आली. दोन मणके क्षयाने पोखरलेले.

"तेव्हाच दिसलं असतं तर..." डॉक्टर एवढंच म्हणाले.

मी सखूबाईंजवळ गेलो. "मागची फिल्म नीट आली नव्हती, बाई."

"मीच हलले आसंन, दादा. तुमची काय चूक?"

तेव्हा तरी सांगायचं होतं. त्यांनी दोष स्वतःवर घेतला आणि मी तो घेऊ दिला.