एका वेळी एकच शिष्या

६ जानेवारी, सोमवार
धाराशिवला पोचले. एक ट्रंक, एक गादी आणि धाकट्या बहिणीनं, वर्षाराणीनं, शिवलेले तीन नवे ड्रेस. बसस्टँडवर तोंड धुतलं आणि थेट कचेरीत जाऊन टंकलेखक म्हणून रुजू झाले. साहेबांनी नेमणुकीचा कागद दोनदा वाचला. म्हणाले, सहा महिन्यांत वेगाची परीक्षा पास व्हायची. नाही झालात तर तुमच्या गावची, कळंबची एसटी समोरूनच सुटते. सगळे हसले. मीही हसले. माझा वेग मिनिटाला बत्तीस शब्द आहे. चाळीस लागतात.

खोली चांगली आहे, खिडकी पूर्वेला. घरमालकीण महेश्वरी काकू एकट्याच राहतात. बोलक्या आहेत. त्यांच्या दोन्ही हातांची बोटं आखडून तळव्यात मिटलेली आहेत. भाकरी शेजारणीकडून येते. या भागात भाकरी थापता न येणारी बाई मी पहिल्यांदाच पाहिली. विचारलं नाही.

९ जानेवारी, गुरुवार
वेगाचं काकूंना सांगितलं. त्या म्हणाल्या, बोटं पळवायची तर पियानो शीक. पेटीत एक हात भात्यावरच अडकतोय, पियानोला धाच्या धा बोटं लागत्यात. धाराशिवात पियानो? मला हसू आलं. काकू म्हणाल्या, हसू नगं. दोन गल्ल्या सोडून रुद्रम्मा अक्का ऱ्हात्यात. सोलापूरच्या कुठल्या शाळेनं मोडीत काढलेला पियानो त्यांच्या वडलांनी उसाच्या ट्रकात घालून आणला होता. म्या बी शिकले त्यांच्याकडं, असंही म्हणाल्या. मी त्यांच्या हातांकडं पाहिलं. त्यांनी हात पदराखाली घेतले.

१२ जानेवारी, रविवार
गेले. अक्का ऐंशीच्या पुढच्या. कपाळावर विभूती, पाठीला बाक, कानांना कमी ऐकू येतं. हात मात्र विशीतल्या मुलीचे. पियानोच्या झाकणावरही विभूतीचे तीन पट्टे आहेत.

फी घेत नाहीत. अट एकच. पेटी शिकवणाऱ्या त्यांच्या उस्तादांनी त्यांना गंडा बांधला होता, तसाच त्या शिष्येला बांधतात. त्याआधी पट्टीला बोट लावायचं नाही. आणि एका वेळी एकच शिष्या. मला गूळ-चणे भरवले, मनगटावर काळा दोरा गुंडाळला, त्याला दहा गाठी मारल्या. दर गाठीला माझं एकेक बोट मुठीत धरत होत्या. गुदगुल्या झाल्या. विचारलं, आपणहून आलीस ना? म्हटलं, हो.

संध्याकाळी वर्षाराणीला फोन केला. ती खूप हसली. म्हणाली, ताई, मला बी ने की, मशिनीवर बोटं लई आखडत्यात. म्हटलं, महाशिवरात्रीला ये, नेते. माझा टायपिंगचा क्लास तिच्या त्या शिलाई मशिनीच्या पैशांवरच झाला. ती रोज पाच-सहा ब्लाउज शिवायची आणि मी क्लासला जायचे.

१३ जानेवारी, सोमवार
भोगी. सकाळी थापण्याच्या आवाजानं जाग आली. काकू परातीत बाजरीची भाकरी थापत होत्या. तीळ लावून, दोन्ही हातांनी, बोटं पसरून. हसत होत्या आणि डोळे वाहत होते. पहिली भाकरी मला दिली. म्हणाल्या, खा माझे बाई, तुझ्या पायगुणानं झालं. मला बरं वाटलं. त्यांच्या हातावर कोणतं औषध चालू आहे ते विचारायचं राहिलं.

२४ जानेवारी, शुक्रवार
वेग अडतीस. साहेबांनी सगळ्यांसमोर नाव घेतलं. रोज साडेपाचला अक्कांकडं जाते. त्या शेजारी बसतात आणि आपली बोटं माझ्या बोटांवर ठेवतात. मग माझी बोटं स्वतःच धावतात. शिकवणी संपली की करंगळ्या थोडा वेळ गार असतात. थंडीही आहे.

३ फेब्रुवारी, सोमवार
डावी करंगळी सरळ होत नाही. डॉक्टर म्हणाले, शीर दबली असेल. गोळ्या दिल्या. वेग एकोणतीस.

साडेपाचला गेले तर अक्का एकट्याच वाजवत होत्या. दारात उभी राहून ऐकलं. इतक्या वेगानं माणसाला वाजवता येतं हे मला माहीत नव्हतं.

८ फेब्रुवारी, शनिवार
दोन्ही करंगळ्या. डाव्या हाताचं तिसरं बोट.

कात्रीनं गंडा कापला. दोरा सहज तुटला. बोटं तशीच. तुकडे अक्कांसमोर ठेवले आणि म्हटलं, मला शिकायचं नाही. त्यांना राग आला नाही. म्हणाल्या, गंडा मनगटाला नसतोय, पोरी. आता आलीस न आलीस, सारखंच.

परत आले तेव्हा काकू मेथी निवडत होत्या. एकेक पान खुडत होत्या. चिमटीत धरून. मी बराच वेळ बघत उभी राहिले.

११ फेब्रुवारी, मंगळवार
काकूंना विचारलं. त्यांनी भाजी निवडणं थांबवलं नाही. म्हणाल्या, चार वर्षं दुसऱ्याच्या हातानं जेवले. न्हायचं बी दुसऱ्याच्या हातानं. माझ्या नणंदेनं मला नेलं होतं, म्या तुला नेलं. नवी आली की जुनी सुटती. वढून नेऊन भागत न्हाय. आपल्या पायानं आली पायजे, आपल्या तोंडानं हो म्हनली पायजे.

मी ओरडले. त्यांनी देठं गोळा केली. नंतर म्हणाल्या, खोली भाड्याला लावताना पाटीवर लिवून घेतलं होतं, नोकरी करणारी एकटी बाई पायजे. तुला कोन मिळंल ते बघ.

ताट पुढं सरकवलं. भाकरी कुस्करून ठेवली होती, मला चिमटीत धरावी लागू नये म्हणून.

१५ फेब्रुवारी, शनिवार
वेग अकरा. साहेबांनी सहा महिन्यांची वाट न बघता कामावरून काढल्याची नोटीस दिली. सही करायला पेन दोन मुठींत धरलं. कोणी हसलं नाही.

१९ फेब्रुवारी
अंगठे तेवढे राहिले — वेणी घालता येत नाही — साडेपाचला अक्कांच्या घरातून पियानो ऐकू येतो. माझीच बोटं ती. ओळखू येतात —

२३ फेब्रुवारी, रवि
वर्षाचा फोन. अंगठा वळत नाही, नाकानं घेतला. बुधवारी सातच्या गाडीनं निघते म्हणाली. पियानो दाखवशील ना ताई.

येऊ नको, एवढंच म्हणायचं होतं. तोंडाला काही झालेलं नाही —

म्हटलं, येताना आईच्या हातची शेंगाचटणी आण.

२५
उद्या — सांगीन. बसस्टँडवरच सांगीन — परत जा म्हणून —

२६ फेब्रुवारी, महाशिवरात्र
ती आली. माझे हात बघून स्टँडवरच रडली. माझी वेणी घातली, साबुदाण्याची खिचडी भरवली. म्हणाली, नोकरी गेली तर जाऊ दे, मी हाय ना शिवायला, तू कशाला भितीस. मग माझं मन रमवायला म्हणाली, चल, तुझा तो पियानो बघू. मी चल म्हटलं नाही. नको पण म्हटलं नाही. वाट मात्र दाखवली.

मी अक्कांच्या ओट्यावर आहे. वही मांडीवर, पेन मुठीत. दार उघडं आहे. अक्कांनी तिला गूळ-चणे भरवले. उपासाला चालतं का म्हणून ती हसली, पण खाल्ले. आपणहून आलीस ना? ती म्हणाली, व्हय की.

पहिली गाठ. माझा डावा अंगठा उघडला.

आता पेन नीट धरता येतं आहे. तिसरी. चौथी. ती आत खिदळते आहे, गुदगुल्या होतात म्हणते. पाच झाल्या. इथं थांबलं तर तिला उरलेल्या पाचांवर सुई धरता येईल. हाक मारायला हवी. दार उघडंच आहे, वर्षा म्हटलं की ऐकू जाईल, ही ओळ पुरी झाली की मारते. सात. किती दिवसांनी अक्षर असं सरळ येतंय, काना, वेलांटी, सगळं जागच्या जागी. नऊ. आता फक्त उजवी करंगळी राहिली आहे, तेवढी सरळ झाली की लगेच मी