पूनमच्या हातचं घरकुल

पुणे,
दि. २७ ऑक्टोबर २००९

चि. सौ. अन्नपूर्णा हिस,
सिंधूताईचे अनेक आशीर्वाद.

आम्ही सुखरूप पोचलो. सोनाळ्याहून निघाल्यापासून पूनमचं घरकुल डोळ्यांपुढून हलत नाही. लोकांच्या अंगणात दिवाळीला मातीचं घरकुल, आपल्याकडे मात्र खाऊचं, ही आमच्या आईची रीत. आम्ही भावंडंही करायचो, पण आमच्या भिंती पाडव्याआधीच पोटात जायच्या. तुझ्या लेकीनं गोड पुऱ्यांच्या भिंती गुळाच्या पाकानं अशा जोडल्या की फट दिसेना! चकलीच्या खिडक्या काय, तिळाच्या वड्यांची कौलं काय! आणि पाडव्याला फोडून खायच्या वेळी धाकट्या गजूनं छपरावर बुक्की मारली, तेव्हा सगळ्यांत मोठ्यानं तीच हसली.

आमचा भागवत सांगत होता, बीटी कपाशी लावल्यापासून बोंडअळी गेली, पण यंदा लाल्या रोगानं पानंच जाळली. पुढल्या जूनला पूनमला माझ्याकडे पाठव. आठवीपासून इथल्या शाळेत घालते. आत्याचं घर म्हणजे काही परकं नव्हे.

गजूला गोड पापा. लोभ आहेच, तो वाढता ठेव.
तुझी,
सिंधूताई

सोनाळा,
दि. ६ जून २०१०

ती. सौ. सिंधूताई यांस,
अन्नपूर्णाचा शि. सा. नमस्कार, वि. वि.

पूनमला यांच्यासोबत पाठवून राह्यली. इतके महिने माझं मन धजत नव्हतं. पण यंदाही बीटीच पेरायची आहे, दुकानात दुसरं बियाणं भेटतच नाही. पीक हातचं गेलं की घरात पहिली शाळा पोरीची सुटते, हे मी माझ्यावरून जाणते.

गणवेशाचं कापड संग्रामपूरच्या बाजारातून घेऊन शिवलं आहे. रंग तुमच्या शाळेचा नसला तर कळवा. पोरगी आपल्याकडचंच बोलते, मले-तुले करते. वर्गातल्या मुली हसल्या तर तिला समजावून घ्या. भेंडी खात नाही, पण त्यात लाड करू नका. गजू सकाळपासून तिच्या पिशवीवर बसून आहे, उठायचं नाव घेत नाही.

लेक तुमच्या ओटीत घातली आहे. माया असू द्या.
आपली,
अन्नपूर्णा

पुणे,
दि. १४ ऑगस्ट २०१०

चि. सौ. अन्नपूर्णा हिस,
अनेक आशीर्वाद.

पूनम मजेत आहे, भेंडीसुद्धा खाते! शेजारच्या मुलाच्या वाढदिवसाला आम्ही आपलं घरकुल करून दिलं, तर सगळी सोसायटी पाहायला लोटली. आता रविवारी दिवाणखान्यात मी मुलांना शिकवते. वर्तमानपत्रात माझा फोटोही आला, ‘वऱ्हाडच्या माहेरची गोड परंपरा’ म्हणून. पूनम लाजून आतच बसली, नाहीतर तीही दिसली असती.

शाळेचं विचारलंस. होईल सगळं मार्गी, घाई करू नकोस. राखीला मात्र तिला पाठवता येणार नाही. गणपतीच्या ऑर्डरी आहेत. म्हणजे मला आहेत, आणि तिला एकटीला कोण सोडणार?

भागवतला माझी राखी पाठवत आहे. ताईची आठवण ठेवा.
तुझी,
सिंधूताई

पुणे,
दि. ३ ऑक्टोबर २०१०

ती. आईस,
पूनमचा नमस्कार.

आई, हे पत्र बेबीताईजवळ देऊन राह्यली. त्या आपल्या जिल्ह्यातल्याच, उंद्रीच्या. इथं भांडी घासायले येतात.

मी बरी हाय. जेवाले पोटभर भेटते, आत्या मारत नाही. शाळेत अजून गेली नाही. आत्या म्हणते, आधी तुझी भाषा सुधारू दे, नाहीतर पोरी हसतील. शाळा पुढच्या वर्षी. सकाळून भिंती तळते, मंग पाक करते, मंग जोडते. पोरं शिकाले आली की मी आतच राहते, काऊन की मी बोलली का आत्याले लाज वाटते. ती त्यायले सांगते, हे घरकुल मीच केलं.

दिवाळीच्या ऑर्डरी लई हायेत. पाकाच्या चटक्यानं बोटाची कातडी गेली. आता तिथं पोळलेलं समजतच नाही, म्हणून काम लवकर होते. बाबाले सांगजो नको, ते कपाशीत असतील. गजूले सांगजो, इथं घरकुल कोणी फोडत नाही, खोक्यात भरून देतात.

तुझी,
पूनम

पुणे,
दि. १८ ऑक्टोबर २०१०

चि. सौ. अन्नपूर्णा हिस,
आशीर्वाद.

भागवत न कळवता आला आणि पोरीचा हात धरून निघाला. पाणीसुद्धा घेतलं नाही. जिन्यात, शेजाऱ्यांदेखत मला म्हणाला की ताई, गड्याच्या पोरीलाही आम्ही असं ठेवलं नसतं.

तुमच्या कपाशीवर लाल्या पडला की तुम्हाला गावभर सांगता येतं. यांची कंपनी मार्चमध्ये बंद पडली, ते मी कोणाला सांगायचं? चूल त्या घरकुलांवर चालली होती. शाळेत घालायचं माझ्या मनात होतं. आधी घर सावरू दे, म्हटलं. आणि रीत काय एकट्या तुमची आहे? आई माझीही होती. दिवाळी तोंडावर आली आहे, घरकुलं अर्धवट पडली आहेत. लोकांना काय सांगू?

राग उतरला की भाऊबीजेला बोलवा. वाट पाहते.
सिंधूताई

सोनाळा,
दि. १२ नोव्हेंबर २०१०

ती. सौ. सिंधूताई यांस,
नमस्कार.

भाऊबीजेला बोलावलं नाही. यांनी नाही म्हटलं, आणि मीही आग्रह धरला नाही.

कंपनीचं तेव्हाच कळवलं असतं तर ज्वारीचं पोतं पाठवलं असतं. सुट्टीत पोरगीही पाठवली असती. आत्याच्या अडचणीत भाचीनं हात लावला तर काय झिजते? पण तुम्ही तिला शाळेच्या नावानं नेलं. हेच मले लागून राह्यलं आहे.

गुरुजींनी तिला आठवीत बसू दिलं आहे. ती वर्गात तोंड उघडत नाही. घरीही मले म्हणता म्हणता मला म्हणते, आणि मग गप्पच होते.

वसुबारसेला गजू पिठाची परात घेऊन तिच्यापुढे बसला. मी म्हटलं, यंदा राहू दे. पण ती उठली आणि तिनं केलं. ताई, इतकं सुबक घरकुल या घरात कधी झालं नव्हतं. आळीतल्या बाया पाहून गेल्या. पाडव्याला आम्ही सगळे भोवती बसलो. गजूनं छपराकडे हात नेला, तशी तिनं त्याच्या हातावर फाडकन मारली. म्हणाली, हात नको लावू, ऑर्डरचं आहे.

गजू रडलाही नाही, नुसता माझ्याकडे पाहत राह्यला. मग आपण काय बोललो ते पूनमच्या ध्यानात आलं, आणि ती उठून गोठ्यात जाऊन बसली. बोलावलं तरी येईना. हे तिच्याजवळ जाऊन बसले.

घरकुल कोनाड्यात तसंच आहे. मुंग्या लागल्या आहेत. फोडायला कोणाचा हात होत नाही.

लोभ असावा, हे लिहायलाही नाही होत.
अन्नपूर्णा